थांबायचं कोणी? लंडनच्या कालव्याकाठचं दोनशे वर्षांचं भांडण



तुमच्यापैकी बरेच जण आपला पॉडकास्ट चालता चालता ऐकतात. कुणी सकाळी टेकडीवर, कुणी संध्याकाळी ऑफिसहून घरी जाताना. कानात इअरफोन, आवाज बऱ्यापैकी मोठा. आता समजा, तुम्ही अशाच एका वाटेवर चालताय. एका हाताला विटांची उंच भिंत, दुसऱ्या हाताला पाणी. मध्ये कठडा नाही. दोन माणसं जेमतेम शेजारी शेजारी चालतील एवढीच जागा. आणि एकदम मागून, अगदी कानाशी, ट्रिंग ट्रिंग! तुम्ही दचकता आणि एक पाऊल बाजूला टाकता. आता ते कुठल्या बाजूला टाकता, त्यावर पुढचं सगळं अवलंबून.

लंडनमध्ये रीजंट्स कॅनॉल नावाचा कालवा आहे. त्याच्या काठच्या वाटेवर हा प्रसंग रोज घडतो. चालणारे म्हणतात, सायकलवाल्यांनी ही शर्यतीची जागा करून टाकली आहे. सायकलवाले म्हणतात, आम्ही घंटी वाजवली तर लोक चिडतात, नाही वाजवली तरी चिडतात, मग करायचं काय? दोघांचंही म्हणणं खोटं नाही.

पण हे भांडण सायकलीच्याही आधीचं आहे, हे सांगितलं तर? आजच्या भागात आपण या एका वाटेची गोष्ट बघणार आहोत. प्रश्न एकच आहे. अरुंद वाटेवर दोघं एकाच वेळी आले, तर थांबायचं कोणी? दोनशे वर्षांत लंडनने या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं देऊन बघितली. चला, सुरुवातीपासून बघू.

वाट घोड्याची होती

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. 'कालवा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेतीचं पाणी येतं. पुणेकरांना खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा आठवेल. तो पाणी वाहून नेण्यासाठी बांधला. इंग्लंडमधले हे कालवे मात्र माल वाहून नेण्यासाठी खणले होते. रेल्वे यायच्या आधीचे ते हायवेच. कोळसा, लाकूड, विटा, धान्य, सगळं नावांमधून जायचं. आणि या नावांना इंजिन नव्हतं. काठावरून एक घोडा चालायचा आणि लांब दोरीने नाव ओढायचा. या ओढण्याच्या वाटेला इंग्रजीत टोपाथ म्हणतात. आपणही आज तोच शब्द वापरू.

घोडाच का? रस्त्यावर एका घोड्याची गाडी साधारण दोन टन माल ओढायची. तोच घोडा पाण्यावरची नाव ओढताना तीस टन आणि त्याहून जास्त माल सहज न्यायचा. पाण्यावर घर्षण कमी, त्यामुळे एकदा नाव हलली की पुढचं काम सोपं. सगळं अर्थशास्त्र या एका घोड्यावर उभं होतं.

रीजंट्स कॅनॉलचा कायदा ब्रिटिश संसदेने 1812 साली मंजूर केला. पश्चिमेचं पॅडिंग्टन आणि पूर्वेला थेम्स नदीकाठचं लाइमहाऊस यांना जोडायचं होतं. रीजंट्स पार्क आणि रीजंट स्ट्रीट ज्याने आखले तो प्रसिद्ध वास्तुरचनाकार जॉन नॅश या कंपनीच्या संचालकांपैकी एक. काम सुरू झालं, आणि मध्येच कंपनीच्या टॉमस होमर नावाच्या माणसाने पैशांची अफरातफर केली. कंपनीची तिजोरी रिकामी व्हायला आली. तरीही 1816 मध्ये कॅम्डेनपर्यंतचा भाग उघडला आणि 1820 मध्ये कालवा लाइमहाऊसला पोचला. लांबी साधारण 14 किलोमीटर.

आता आपल्या गोष्टीतला महत्त्वाचा मुद्दा. कंपनीला जमीन विकत घ्यावी लागत होती, पूल बांधावे लागत होते. पूल जितका लांब तितका खर्च जास्त. मग पुलाखालची वाट किती रुंद ठेवायची? एक घोडा जाईल एवढी. बस्स. दोनशे वर्षांनी इथून हजारो लोक चालतील, सायकली जातील, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आज टोपाथवर सगळ्यात जास्त टक्कर होण्याची भीती कुठे असते? या जुन्या पुलांखालीच. वाट अरुंद, वळण आंधळं, पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही.

पहिलं भांडण दोरीचं

घोड्यांच्या काळातही वाट सगळ्यांची नव्हती. टोपाथ ही कंपनीची खासगी मालमत्ता. लंडनच्या सामान्य माणसाला तिथे फिरायला जायचा हक्क नव्हता. पण भांडणं होतीच, नाववाल्यांची आपसात.

समजा, समोरासमोरून दोन नावा आल्या. दोघांचे घोडे एकाच काठावर, दोघांच्या दोऱ्या घोड्यापासून नावेपर्यंत ताणलेल्या. दोऱ्या अडकल्या की घोडा पाण्यात पडायचा. यावर जी पद्धत होती ती ऐकण्यासारखी आहे. दोघांपैकी एक घोडा थांबायचा. घोडा थांबला की दोरी सैल पडायची आणि पाण्यात बुडायची. दुसऱ्याची नाव त्या बुडलेल्या दोरीवरून निघून जायची, आणि त्याचा घोडा जमिनीवर पडलेली दोरी ओलांडून पुढे जायचा. मग थांबलेला परत चालू लागायचा.

यात गंमत काय आहे बघा. थांबणं म्हणजे हरणं नव्हतं. कुणीतरी थांबल्याशिवाय दोघांनाही पुढे जाता येणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. आणि घोड्याचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच. थांबलात तर एखाद-दोन मिनिटं जाणार. वेग कमी असला की सभ्यपणा स्वस्त पडतो.

या दोऱ्यांच्या खुणा आजही दिसतात. रीजंट्स पार्कजवळ मॅकल्सफील्ड ब्रिज नावाचा पूल आहे. 2 ऑक्टोबर 1874 च्या पहाटे तिथून 'टिलबरी' नावाची नाव चालली होती. आत बंदुकीची दारू आणि पेट्रोलियम. पुलाखाली आल्यावर स्फोट झाला, नावेवरचे तिघे ठार झाले, पूल उद्ध्वस्त झाला. लोक अजून त्याला 'ब्लो-अप ब्रिज' म्हणतात. पूल पुन्हा बांधला तेव्हा जुनेच लोखंडी खांब वापरले, पण उलटे फिरवून. त्यामुळे खांबांच्या दोन्ही बाजूंना दोरीने घासून पडलेल्या खोल चरा दिसतात. लोखंडाला दोरीने चरा पडल्यात, मंडळी! किती घोडे गेले असतील, विचार करा.

कॅम्डेनच्या बाजूला काठावर पाण्यातून वर येणारे उतारही आहेत. जवळच रेल्वे आली आणि इंजिनाच्या आवाजाने घोडे बुजून पाण्यात पडू लागले. त्यांना बाहेर काढायला हे उतार. म्हणजे मागून अचानक आवाज आला की चालणारा जीव दचकतो, हे टोपाथला तेव्हापासून माहीत आहे.

घंटीचा कायदा

आता थोडं कालव्यावरून वर, रस्त्यावर येऊ. कारण सायकल तिथे आली.

1880 च्या दशकात इंग्लंडमध्ये सायकल वाढत होती. पण ती नेमकी आहे काय? गाडी, की पायी चालणाऱ्याचं खेळणं? 1888 च्या 'लोकल गव्हर्न्मेंट अॅक्ट' या कायद्याने उत्तर दिलं: सायकल ही कायद्याच्या नजरेत गाडीच. त्यामुळे सायकलवाल्याला रस्त्यावर हक्क मिळाला. पण सोबत अट आली. चालणाऱ्याला, घोड्याला किंवा गाडीला मागे टाकून पुढे जायचं असेल, तर आधी घंटी किंवा शिट्टी वाजवून नीट सूचना द्यायची. इंटरनेटवर कधी कधी सांगतात की सायकलवाल्याला सतत घंटी वाजवत राहावं लागे. तसं नव्हतं, ओलांडताना वाजवायची होती.

हे या भांडणातलं दुसरं उत्तर. पहिलं उत्तर होतं, एकाने थांबायचं. दुसरं झालं, मागच्याने आवाज द्यायचा. दोन्हींत फरक आहे. थांबताना त्रास थांबणाऱ्याला होतो. घंटी वाजली की हालचाल पुढच्याला करावी लागते. कायद्याच्या मनात घंटी म्हणजे 'मी येतोय, सांभाळा'. ऐकणाऱ्याच्या कानात ती बऱ्याचदा 'बाजूला हो' अशी शिरते. आवाज तोच, अर्थ दोन. आज टोपाथवर जी चिडचिड होते, तिचं मूळ या दुहेरी अर्थात आहे.

पुढे 1930 च्या रोड ट्रॅफिक अॅक्टच्या वेळी ही घंटीची सक्ती गेली. तोवर रस्त्यावर मोटारी आल्या होत्या, आणि सायकलवाला स्वतःच भेदरून कडेला चालवू लागला होता. आज ब्रिटनमध्ये नवी सायकल विकताना तिला घंटी लावून द्यावी लागते. पण घरी नेल्यावर ती काढून टाकली तर गुन्हा नाही! हा नियम 2004 पासूनचा आहे. म्हणजे घंटी दुकानदाराला सक्तीची, चालवणाऱ्याला नाही.

वाट सगळ्यांसाठी उघडली

परत कालव्यावर. रेल्वेने आणि मग ट्रकने कालव्यांचा धंदा खाल्ला. 1948 मध्ये देशातले बहुतेक कालवे सरकारी झाले. रीजंट्स कॅनॉलवर घोड्याने नाव ओढणं 1956 मध्ये संपलं, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस मालवाहतूकही जवळपास बंद पडली. शहराच्या पोटातून जाणारी एक लांबलचक वाट आता रिकामी होती.

1968 हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी ब्रिटनमध्ये दोन कायदे झाले. एका कायद्याने कालव्यांची वर्गवारी केली आणि काही कालवे नौकाविहार, मासेमारी, विरंगुळा यांसाठी राखायचे असं ठरवलं. दुसऱ्या, म्हणजे 'कंट्रीसाइड अॅक्ट'ने गावाकडच्या घोडेस्वारीच्या वाटांवर सायकल चालवायला परवानगी दिली. अट एकच: सायकलवाल्याने चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ द्यायचं. हा कायदा टोपाथसाठी नव्हता. पण जो वेगवान, त्याने थांबायचं, हे तत्त्व तिथे शब्दांत आलं. आपल्या प्रश्नाचं हे तिसरं उत्तर.

त्यानंतरच्या वर्षांत लंडनच्या स्थानिक नगरपालिकांनी टोपाथचे तुकडे एकेक करून लोकांसाठी खुले केले. ज्या पाण्याकडे शहराने पाठ फिरवली होती तिथे लोक फिरायला येऊ लागले. बाबागाड्या आल्या, कुत्री आली, गळ टाकून बसणारे आले.

1979 मध्ये अजून एक गोष्ट झाली. सेंट जॉन्स वुड ते सिटी रोड या भागात टोपाथच्या खाली 400 किलोव्होल्टच्या विजेच्या केबल टाकल्या. त्या गरम होतात, म्हणून कालव्याचंच पाणी पंपाने फिरवून त्यांना थंड ठेवतात. वर माणसं चालतायत, खाली लंडनची वीज धावतेय. आणि केबलवर जे फरशीसारखं झाकण बसवलं, त्याने वाट सपाट झाली. सपाट वाट बघून सायकलवाल्याला काय वाटणार, सांगायला नको.

दोनदा ट्रिंग

सुरुवातीला टोपाथवर सायकल चालवायला परवाना लागायचा. तेव्हा कालवे 'ब्रिटिश वॉटरवेज' या सरकारी संस्थेकडे होते. पुढे सायकली इतक्या वाढल्या की परवान्याला अर्थ उरला नाही आणि ती अटही गेली.

सायकली का वाढल्या? 2003 मध्ये मध्य लंडनमध्ये मोटारींवर गर्दीचा कर लागला. जुलै 2005 मध्ये भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्बस्फोट झाले, आणि बऱ्याच लोकांनी सायकल बाहेर काढली. 2010 मध्ये भाड्याच्या सायकलींची सार्वजनिक योजना आली. पण रस्ते? लंडनच्या रस्त्यांवर ट्रकच्या शेजारून सायकल चालवणं जिवावरचं काम. मग लोकांनी नकाशा बघितला. पूर्व लंडनहून पश्चिमेकडे जाणारी एक जवळजवळ सलग वाट, सिग्नल नाही, मोटार नाही, ट्रक नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला टोपाथ म्हणजे सायकलींची नदी झाली.

आणि चालणारे? ते तिथे आधीपासून होते, धावत्या शहरापासून जरा दूर म्हणून येणारे. बाबागाडी ढकलणारी आई, काठी टेकत चालणारे आजोबा. त्यांच्या बाजूने विचार करा. सायकलवाला म्हणतो, मी आजवर कुणालाही धडकलो नाही. खरं असेल. पण ज्या आजोबांना रोज दहा वेळा दचकून भिंतीला चिकटावं लागतं, ते एक दिवस तिथे यायचंच सोडून देतात. अपघातांच्या कुठल्याही आकड्यात हे आजोबा येत नाहीत. या भांडणात खरं नुकसान असं होतं, आवाज न करता.

अजून एक तिसरा गट आहे, तो विसरू नका. नावांवर राहणारे लोक. लंडनमधली महागडी घरं परवडत नाहीत म्हणून अनेकांनी नावेत संसार थाटलाय. कायमची जागा नसलेल्यांना 1995 च्या कायद्यानुसार एका ठिकाणी साधारण 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. त्यांचं दार थेट टोपाथवर उघडतं. सकाळी दार उघडून पाऊल बाहेर टाकायचं आणि समोरून सायकल!

मग ब्रिटिश वॉटरवेजने मोहीम काढली, नाव 'टू टिंग्ज'. म्हणजे दोनदा ट्रिंग करा, हळू जा, चांगलं वागा. बघा, 1888 च्या कायद्यातली घंटी परत आली, पण सक्ती म्हणून नाही, सभ्यपणा म्हणून. कल्पना अशी की एक ट्रिंग हुकूम वाटते, दोन ट्रिंग विनंती वाटते. फरक पडला का? थोडाफार. पण ऐकू न येणाऱ्याला दोन काय, दहा ट्रिंगचाही उपयोग नाही. आणि कानात इअरफोन असेल, तर आपण सगळेच त्या गटात.

2012 मध्ये कालवे 'कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट' या धर्मादाय संस्थेकडे गेले. त्यांनी टोपाथचे नियम लिहून काढले. त्यात स्पष्ट आहे: पायी चालणाऱ्याला प्राधान्य. वेग कमी ठेवा. पुलाखाली जपून. आणि सगळ्यात बोलकी सूचना: घाई असेल तर दुसऱ्या रस्त्याने जा.

भांडणाचं मूळ कुठे आहे?

घाई असेल तर दुसऱ्या रस्त्याने जा. ठीक. पण तो दुसरा रस्ता आहे कुठे?

लोक म्हणतात, अडथळे बसवा, सायकली आपोआप हळू होतील. पण लोखंडी अडथळ्यांमधून सायकल कशीबशी जाते, व्हीलचेअर आणि जुळ्यांची बाबागाडी अडकते. ज्यांना वाचवायचं, तेच बाहेर. लोक म्हणतात, वाट रुंद करा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि पूल दोनशे वर्षांपूर्वीचे. वाट गुळगुळीत करा म्हणावं, तर वेग अजून वाढतो. 2020 मध्ये कोरोना आला, माणसांनी दोन मीटर अंतर ठेवायचं ठरलं, आणि टोपाथवर ते शक्यच नव्हतं. शेवटी ट्रस्टने लोकांना विनंती केली की शहरातल्या टोपाथवर येणं कमी करा.

म्हणजे या वाटेत घालायला जागाच उरलेली नाही. म्हणून मला वाटतं, हे भांडण टोपाथवर दिसतं, पण सुरू होतं वरच्या रस्त्यावर. रस्त्यावर मोटार सायकलीला ढकलते, टोपाथवर सायकल माणसाला ढकलते. माणसाला ढकलायला पुढे कोणी नाही, पाणी आहे. सायकलवाला तिथे हौसेने नाही आलेला, भीतीने आलाय. आणि भीतीने आलेला माणूस आपल्यापेक्षा दुबळ्याला तीच भीती देतो, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

जानेवारी 2022 मध्ये ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत, हायवे कोडमध्ये, एक क्रमवारी आली. ज्याच्याकडून जास्त इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी जास्त. ट्रकची मोटारीपेक्षा जास्त, मोटारीची सायकलीपेक्षा, सायकलीची चालणाऱ्यापेक्षा. हा नियम रस्त्यांसाठी आहे. पण तो वरून खालपर्यंत खरोखर पाळला गेला, तर टोपाथवरची अर्धी भांडणं होणारच नाहीत. कारण रस्त्यावर सुरक्षित जागा मिळाली, तर घाईतला सायकलवाला खाली येईलच कशाला?

जाता जाता

इज्लिंग्टन भागात हा कालवा टेकडीखालच्या बोगद्यातून जातो. बोगदा साधारण 880 मीटर लांब, आणि आत टोपाथच नाही. खर्च वाचवला! मग पूर्वी काय करायचे? घोड्याला सोडायचे आणि टेकडीवरून पलीकडे न्यायचे. नावेतली माणसं पाठीवर झोपून बोगद्याच्या भिंतीला पाय लावत नाव ढकलायची. 1826 मध्ये साखळीवर चालणारी वाफेची बोट आली तेव्हा त्यांची सुटका झाली.

आजही तिथे टोपाथ संपतो. चालणारे आणि सायकलवाले दोघंही चढून वर येतात, बाजारातून, रहदारीतून, घोडे जायचे तसे टेकडी ओलांडतात. तिथे कोणी कोणावर ओरडत नाही. रस्ता रुंद आहे, सगळे हळू आहेत, आणि दोघांनाही मोटारींची सारखीच काळजी घ्यावी लागते. पलीकडे उतरले की पुन्हा अरुंद वाट. पुन्हा ट्रिंग ट्रिंग.

तर तुम्ही आत्ता चालत हे ऐकत असाल, तर एक कान मोकळा ठेवा. आणि सायकलवर असाल, तर समोरच्याला मागे वळून बघायला दोन सेकंद द्या. तीस टन माल ओढणारा घोडासुद्धा दुसऱ्यासाठी थांबायचा.

भेटू पुढच्या भागात. तोवर जपून चाला, जपून चालवा!